नदीची रांग

फादरना आणायला मी सकाळीच निघालो. फेब्रुवारीतली सकाळ, वारा पडलेला, आभाळ दुधाळ. करडीला, आमच्या घोडीला, बर्फावरच्या गाडीला जुंपताना मला बरंच वाटत होतं, हे आधीच सांगून टाकतो. घरात माणूस अंथरुणाला खिळलेलं असलं की बाहेरचं कुठलंही काम सुटका वाटतं, मग ते काम शेवटच्या संस्काराचं का असेना.

माझ्या बायकोच्या, देलिमाच्या, छातीत कफ भरून ताप चढला होता. डॉक्टर आले, हात धुतले, मला जिन्याखाली बाजूला घेऊन म्हणाले, "आता मला नको, फादरना बोलवा." तिला हे कुणी सांगावं लागलं नाही. रात्रीपासून तिने पाण्याचा थेंबही घेतला नव्हता, कारण पवित्र भाकर घ्यायची तर उपाशीपोटी. आजाऱ्याला त्यात सूट असते, हे तिची धाकटी बहीण क्लोरिंद तिला सांगून सांगून थकली.

"ताई, दोन चमचे सूप घे गं. मरणाऱ्याला उपास नसतो. देवालाही एवढं कळतं."

"मरणारी मी आहे ना? मग मला ठरवू दे. आधी देव, मग तुझं सूप." देलिमाला धाप लागली, पण ती बोलायची थांबली नाही. "आणि ऐक, फादर आले की मी उठणार. लोळत पडून देवाला तोंड दाखवणार नाही. खाली जाऊन गुडघे टेकणार."

"खाली म्हणजे कुठे? नदीत?"

"काठापर्यंत तरी."

क्लोरिंद माझ्याकडे वळली. "जा हो दाजी, पटकन जा. नाहीतर ही बाई खरंच चालू लागेल. आणि वाट करडीला विचारा, स्वतःचं डोकं चालवू नका."

देलिमा हसली. हसताना खोकली. तिचं ते हसणं मी शेवटचं पाहिलं, आणि ते माझ्या डोक्याची थट्टा झाली म्हणून होतं. मला ते आवडतं.

आमचं गाव, सेंत-लुसील, म्हणजे एक नदी, तिला मिळणारे ओढे, आणि पाण्याच्या कडेकडेने शेतांच्या रांगा. टेकडीची रांग, ओढ्याची रांग, आणि आमची नदीची रांग. चर्च पलीकडच्या काठावर, आम्ही अलीकडच्या. शेतं म्हणजे फाडलेल्या पट्ट्या, रुंदीला काही नाही, लांबी जंगलापर्यंत. का, तर प्रत्येकाला पाण्याचा एक तुकडा मिळावा. ज्यांनी जमीन वाटली त्यांनी न्यायाने वाटली. प्रत्येक घराला आपला काठ मिळाला, आणि काठाबरोबर आपापलं बुडालेलं माणूसही.

खालच्या बाजूने मोजायला लागलात तर पहिले लाव्हर्दिएर. त्यांचे आजोबा नवीन वर्षाची दारू पिऊन चालत परत येताना गेले. केसाळ टोपी तेवढी सापडली. मग मोरिसेत. त्यांचे दोघे भाऊ वसंतात ओंडके सोडताना एकमेकांना धरून बुडाले. मग ब्रुसो, त्यांची मुलगी पाणी आणायला बर्फातल्या भोकाशी गेली ती बादलीसकट गेली. कुणालाच मरताना फादर मिळाले नाहीत, कुणाचंच प्रेत मिळालं नाही. आणि मग आम्ही. आमचा काठ कोरा. माझे वडील हे छाती पुढे काढून सांगायचे, जसं काही नदीने आमच्या घराला विचारूनच ठरवलं होतं. आमच्यानंतर शेत नाही. तिथे कोल्ह्याचा ओढा नदीला मिळतो, आणि त्या मुखाशी कितीही थंडी पडली तरी बर्फ दुधावरच्या सायीएवढाच धरतो.

म्हणून बर्फावरची वाट आम्ही खाली, नदी रुंद आणि संथ आहे तिथून ओलांडतो, आणि मग काठाकाठाने वर येतो. डिसेंबरात गोठलं की वाटेच्या कडेने लहान लहान देवदाराची झाडं रोवतो. झाडं दिसली की वाट दिसली.

फादर तरुण होते, शहरातून नुकतेच आलेले. जुन्या फादरांचे पाय सुजले होते म्हणून हे निघाले. गळ्यात डबी, डबीत एकच पवित्र भाकर, एका आजाऱ्याची एक. एका हाताने छातीवरची डबी दाबून धरलेली, दुसऱ्या हातात पवित्र तेलाची पिशवी. घंटा माझ्या हातात. ती भाकर म्हणजे देवच; देव रस्त्याने जातो तेव्हा गाडीवाल्याने घंटा वाजवायची, आणि ऐकेल त्याने, हातातलं काम टाकून, बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला गुडघे टेकायचे. गावातून निघालो तेव्हा लोहार बाहेर आला, पोस्टातली बाई आली, एक म्हातारा बर्फातच टेकला आणि मग त्याला उठवायला दोघं लागले.

नदीवर उतरायच्या आधी मी घंटेच्या लोलकाला लोकरीचा मोजा गुंडाळला.

"हे काय?" फादर म्हणाले.

"बर्फावर वाजवत नाहीत."

"का?"

"घोडी बुजते म्हणतात. पहिल्यापासून असंच आहे."

"तुमची घोडी तर गावभर घंटा ऐकत आली. कुठे बुजली?"

करडी आयुष्यात कशालाच बुजली नव्हती, माझ्यासकट. मी खांदे उडवले आणि बर्फावर उतरलो.

नदीच्या मध्यावर आलो असू, आणि वारा सुटला. आमच्याकडे वादळ येतं ते काळं होऊन येत नाही. पांढरं होऊन येतं. आधी पलीकडची टेकडी गेली, मग चर्चचं टोक, मग पुढचं झाड, मग करडीचे कान. डोळे उघडे आणि मिटलेले सारखेच. वर-खाली कळत नव्हतं. फक्त वाऱ्याचा तो एकसुरी आवाज, आणि गाडीच्या लाकडी पट्ट्यांची खरखर. तीही थांबली, कारण करडी थांबली.

"चल..." मी म्हणालो. ती हलेना.

"वाट चुकलो का आपण?" फादरांनी अगदी हळू विचारलं.

"चुकलो नाही. दिसत नाही इतकंच." असं मी म्हणालो खरं. वर किती आलो याचा अंदाज नव्हता. लवकर काठाला वळलो तर कड्याखाली अडकणार. उशिरा वळलो तर कोल्ह्याच्या ओढ्याचं मुख. आणि घरात देलिमा कोरड्या ओठांनी वाट बघत होती. थांबायला सवड नव्हती. तिची सवड संपत होती.

"घंटा वाजवा," फादर म्हणाले. "काठावर कुणी असेल तर हाक देईल."

ते बरोबर बोलत होते. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. मी मोजा काढला आणि वाजवली.

हाक आली नाही. पण वारा थोडा फाटल्यासारखा झाला, आणि डावीकडे, काठाच्या बाजूला, काहीतरी गडद दिसलं. ठेंगणं, बर्फातून वर आलेलं. माझा जीव भांड्यात पडला.

"सापडलं! झाड सापडलं फादर!"

करडी आपणहून चालू लागली. मी घंटा वाजवत राहिलो. जवळ आलो. झाड नव्हतं. म्हातारा माणूस होता, गुडघे टेकून बसलेला, मान खाली. इतक्या थंडीत डोकं उघडं, आणि त्या टकलावर बर्फ साचत नव्हता. गाडी त्याच्या समोर आली तशी त्याने मान वर केली आणि तोंड उघडलं. बोलायला नव्हे. जीभ पुढे काढून, डोळे मिटून, चर्चमध्ये वेदीपुढे भाकर घ्यायला उघडतात तसं.

"काय श्रद्धा आहे तुमच्या लोकांची," फादर भारावून म्हणाले. "या वादळात... बाहेर येऊन..."

फादर हात उचलून आशीर्वाद देत होते.

पुढे दोघं होते. खांद्याला खांदा लावून, एकाचा हात दुसऱ्याच्या बाहीत घट्ट. त्यांनीही तोंडं उघडली.

तेव्हा मला कळलं. मला ओरडता आलं असतं, गाडी वळवता आली असती. पण कुठे वळवणार? आणि खरं सांगतो, भीतीच्याही आधी माझ्या मनात आलं ते हिशेबाचं होतं. आधी लाव्हर्दिएर, मग मोरिसेत. ही आमचीच रांग आहे. आपण बरोबर चाललोय. आता ब्रुसो येतील, आणि मग घर. मेलेल्यांच्या खुणेवर मी वाट मोजत होतो, आणि मला त्यांचे आभार मानावेसे वाटत होते.

"फादर," मी म्हणालो, "कुणाशी बोलू नका. आशीर्वाद द्या आणि चला."

"पण त्यांना काहीतरी हवंय. तोंडं बघा त्यांची..."

"तुमच्याकडे एकच आहे ना? मग चला."

ब्रुसोंची मुलगी अगदी वाटेला लागून बसली होती. बादली शेजारी. गाडी तिच्या इतक्या जवळून गेली की तिचा श्वास दिसायला हवा होता. उघड्या तोंडातून वाफ नव्हती. नदीच्या तळाचा वास होता, कुजक्या पानांचा, जो आम्हाला एप्रिलमध्ये बर्फ फुटल्यावर येतो. फादरांचा आशीर्वादाचा हात अर्ध्यावरच राहिला. डबीवरची त्यांची बोटं पांढरी पडली.

आता आमचा काठ. आमचा काठ कोरा. तिथे कुणी असायचं कारण नव्हतं.

तिथे देलिमा होती.

रात्रीच्या पांढऱ्या झग्यात, केस मोकळे, गुडघे बर्फावर, हात छातीशी जुळवलेले. म्हटलं होतं तिने, खाली येईन म्हणून. काठापर्यंत तरी. मला वाटलं, क्लोरिंदचा डोळा लागला असेल आणि ही हट्टी बाई तापात उठून उतार उतरून आली. माझ्या अंगातली भीती एकदम रागात गेली आणि राग रडण्यात. मी गाडी थांबवली.

"देलिमा! वेडी झालीस का? अगं, वर चल..."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने तोंड उघडलं.

"ही... ह्याच का?" फादरांनी विचारलं.

"हीच. द्या फादर. लवकर द्या, गारठून मरेल ती."

ते उतरले. गारठलेल्या बोटांनी डबी लवकर उघडेना. मग ती पांढरी चकती मी पाहिली, त्या सगळ्या पांढऱ्यातही वेगळी दिसली. त्यांनी ती तिच्या जिभेवर ठेवली, आणि प्रार्थना म्हटली. तिने तोंड मिटलं. खूप सावकाश मिटलं. गिळताना गळा हलला तो मी पाहिला.

मी कोट काढून तिला गुंडाळायला वाकलो, तेवढ्यात वाऱ्याचा एक लोट आला आणि कोट बर्फावर रिकामा पडला.

"वर गेल्या असतील," फादर म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "घरी गेल्या असतील ना?"

आम्ही करडीला तिथेच सोडून चढ चढलो. दार क्लोरिंदने उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आलात एकदाचे! ताई, आले गं."

देलिमा अंथरुणात होती. तीन उश्यांना टेकून, केसांची वेणी घातलेली, वेणीला क्लोरिंदने रिबीन बांधलेली. छोट्या टेबलावर पांढरं कापड, दोन मेणबत्त्या. झगा कोरडा. तिला उठवत नव्हतं, पण ती दाराकडे बघत होती, आणि फादरांना पाहिल्यावर तिने हात जोडले.

"ही उठली होती?" मी क्लोरिंदला विचारलं.

"उठतेय कसली! कूस बदलायला मी लागते."

फादरांनी तिच्या पापांची कबुली ऐकली. कपाळाला, डोळ्यांना, हातांना तेल लावलं. ते सगळं त्यांनी नीट केलं, एकही शब्द गाळला नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. मग देलिमाने तोंड उघडलं आणि वाट पाहिली.

फादरांनी डबी उघडली. मिटली. पुन्हा उघडली. उलटी करून तळहातावर ठोकली.

"बाई... मी तुम्हालाच... खाली, काठावर..."

देलिमाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती रागावली नाही. रागावली असती तर मी आज वेगळा माणूस असतो.

"माझ्या तोंडचा घास..." ती म्हणाली, "कुणाला दिलात?"

फादर परत जायला निघाले. अंगणापर्यंत गेले, आणि वाऱ्याने त्यांना भिंतीवर आपटलं. मी निघालो. करडीला काठावरून गोठ्यात आणली होती, ती आता गोठ्याच्या दारातून पाय बाहेर टाकेना. मी तिला मारलं. आयुष्यात कधी मारलं नव्हतं, त्या दिवशी लगाम तुटेपर्यंत मारलं. ती नुसती थरथरत उभी राहिली, नदीच्या बाजूला बघत. मग मी पायी गेलो आणि आमच्याच कुंपणापाशी वाट हरवलो. क्लोरिंदने भांडं वाजवून वाजवून मला परत आणलं.

"ताई, आता तरी घे," क्लोरिंद रडत म्हणत होती. सूप कितीदा गरम केलं आणि कितीदा निवलं. "आता कशाची वाट बघतेस? फादर म्हणतात ना, चालतं. तेल लागलं, पापं धुतली गेली. फादर, सांगा ना तिला!"

"चालतं," फादर म्हणाले. "नक्की चालतं." पण ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

"आधी देव," देलिमा म्हणाली.

ती तशीच गेली, दुपारचा उजेड खिडकीत असतानाच. शेवटी बोलणं थांबलं होतं. नुसतं तोंड उघडं आणि जीभ थोडी पुढे, आणि डोळे मिटलेले. मी माझं बोट ओलं करून तिच्या ओठांना लावलं, तर तिने मान फिरवली. तिला माहीत होतं की हा तो घास नाही. ते फिरवणं मला रोज आठवतं.

क्लोरिंद आणि शेजारच्या बायकांनी तिला आंघोळ घातली, लग्नातला झगा चढवला. तोंड मिटेना. हनुवटीखालून फडकं बांधलं. सकाळी फडकं तसंच, गाठ तशीच, आणि तोंड उघडं. पुन्हा बांधलं. मोरिसेतची म्हातारी, जिने सगळ्या रांगेतल्या मेलेल्यांची तोंडं बांधली आहेत, ती बाहेर येऊन म्हणाली, "माझ्याच्याने होत नाही रे बाबा. तिला काहीतरी हवंय." शवपेटीचं झाकण लावलं तेव्हाही ती तशीच होती. जमीन दगड झालेली होती, म्हणून ती वसंतापर्यंत चर्चमागच्या थंड खोलीत हिवाळ्यातल्या इतर मेलेल्यांबरोबर थांबली, आणि मग तिला पुरलं. मी झाकण उघडू दिलं नाही.

तरुण फादर त्या उन्हाळ्यात बदली मागून गेले. जाताना ते मला भेटले नाहीत. मीही गेलो नाही.

पुढच्या हिवाळ्यात वरच्या अंगाला, टेकडीच्या रांगेत, एक म्हातारी शेवटच्या घटका मोजत होती. जुने फादर, पाय कसेबसे बरे झालेले, भाकर घेऊन बर्फावरून निघाले. ती वाट आमच्या काठापुढून जाते आणि ओढ्याच्या मुखाआधीच टेकडीकडे चढते. घंटेला मोजा घट्ट बांधलेला, ते मी वरूनच पाहिलं. ऊन लख्ख होतं. वारा नाही, ढग नाही, नदीवर एक काटकी पडली असती तरी दिसली असती. मला खाली जायचं कारण नव्हतं. घंटा वाजत नव्हती, म्हणजे गुडघे टेकायचं बंधनही नव्हतं. पण मी गेलो. आमच्या काठावर बर्फात टेकलो, टोपी काढली, मान खाली घातली, आणि गाडी समोरून जाईपर्यंत तसाच राहिलो. तिच्या वाट्याची भाकर मी मागू शकत नव्हतो. निदान तिच्या जागी टेकावं, एवढंच मनात होतं.

गाडी समोर आली तेव्हा माझ्या डाव्या गुडघ्याशेजारचा बर्फ दबल्याचा आवाज आला. कुणी हळूच, सांभाळून, शेजारी टेकावं तसा. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. बर्फात दोन खळगे होते. वर कुणी नव्हतं, निदान मला दिसत नव्हतं. तोंड उघडल्याचा आवाज असतो, ओठ सुटल्याचा बारीकसा आवाज. तो मी ऐकला.

माझी देलिमा उपाशी गेली. तिला मी ओळखणार नाही तर कोण ओळखेल? पण मी एकदा ओळखली होती, आणि काय ओळखलं ते तुम्हाला सांगितलं. ही ती, की ती? जिने खाल्लं ती, की जिचं खाल्लं ती? मान वळवायचा धीर झाला नाही. गाडी दूर गेली. जुन्या फादरांनी एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही, त्यांना माहीत असणार.

मी हळूच म्हणालो, "देलिमा...?"

डावीकडून "हो" आलं. तिचाच आवाज, धाप लागलेला.

आणि मग उजवीकडूनही.